टेबलाचे तीनशे दहा किलो

मित्रांनो, विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात कधी आलात, तर तळमजल्यावरच्या शेवटच्या प्रयोगशाळेत जरूर डोकवा. दार उघडताच संगणक जोडलेली, पांढरीशुभ्र, नवी मशीन दिसेल. ती मी नव्हे. तिच्या मागे खिडकीपाशी दोन जाड खांबांची, ताटाएवढ्या तबकडीची आणि पोपडे सुटलेल्या हिरव्या रंगाची एक म्हातारी उभी असेल. बहुतेक तिच्या खांबाला कोणीतरी छत्री अडकवलेली असेल. ती मी!

माझे काम ऐकून तुम्हाला हसू येईल. मी वस्तू मोडते. लोखंडाच्या सळया ताणून तोडते, काँक्रीटचे ठोकळे चिरडते, बीम वाकवून त्यांचे दोन तुकडे करते. एवढी तोडफोड करूनही मला कोणी रागावत नाही. उलट कोणती वस्तू किती किलोंना मोडली, हे मी तबकडीवर दाखवते आणि मोठमोठी शिकलेली माणसे ते वहीत उतरवून घेतात. पूल लोकांसकट खाली येऊ नये, म्हणून त्यात घालायचे काँक्रीट आधी कोणीतरी मोडून पाहायलाच हवे. इथे ते कोणीतरी म्हणजे मी.

माझा जन्म एका गोंगाटाच्या कारखान्यात झाला. तिथल्या फिटरने माझे खांब तीन दिवस घासून सरळ केले. कामात तो असा गढून जायचा की जेवायला चला म्हणून त्याला दोनदा हाका माराव्या लागत. इथे आले तेव्हा प्रयोगशाळेचे दार मला पुरेना. शेवटी भिंत पाडून मला आत घेतले आणि माझ्यामागे ती पुन्हा बांधली. मला बाहेर काढायचे, तर ती पुन्हा पाडावी लागेल. मी अजून इथे टिकून आहे, त्यात माझ्या गुणांइतकाच त्या भिंतीचाही हात असावा.

आता माझी एक खोड सांगते, कारण पुढची सारी हकिकत तिच्यामुळेच घडली. माझे टेबल एका दट्ट्यावर बसवलेले आहे. मोटर चालू केली की दट्ट्याखाली तेल शिरते आणि टेबल वर उचलले जाते. टेबलावर ठेवलेला बीम वरच्या दांड्याला भिडतो, वाकतो आणि अखेर मोडतो. तेलाला किती जोर लावावा लागला, ते तबकडी सांगते. पण तेलाला काय कळते, बीमचा भार कुठला आणि टेबलाचा कुठला? माझ्या टेबलाचेच वजन तीनशे दहा किलो आहे. म्हणून आधी टेबल बोटभर उचलायचे, ते तेलावर तरंगू लागले की काटा शून्यावर आणायचा आणि मगच पुढचे काम करायचे. हा क्रम चुकला, तर मी टेबलाचे वजनही बीमच्या नावावर लिहून मोकळी होते.

प्रयोगशाळेतल्या काकांना हे पक्के ठाऊक होते. माझी सारी देखभाल त्यांच्याकडे होती आणि मला ‘म्हातारी’ हे नावही त्यांनीच दिले. प्रत्येक चाचणीआधी ते तेलाचा व्हॉल्व्ह किंचित फिरवायचे, टेबल जरासे उचलायचे, तेवढ्यात चष्मा काढून सदऱ्याला पुसायचे आणि मग काटा शून्यावर आणायचे. हे ते अनेक वर्षे इतक्या सवयीने करत होते की त्याबद्दल बोलावे, असे त्यांना कधी वाटलेच नाही. कोणी घाई केली, तर एवढेच म्हणायचे, "थांब की जरा. म्हातारीला तयार होऊ दे."

मित्रांनो, पदवी मिळवून झाल्यावरही ज्यांची शिकायची भूक भागत नाही, अशी मुले माझ्याकडे येतात. दोन दोन वर्षे एकाच प्रश्नाच्या मागे लागतात. कोणाचा प्रश्न वेल्डिंगच्या जोडाचा, कोणाचा विटांचा. त्यांतलीच एक मुलगी माझी फार लाडकी होती. तिला सगळे टायरताई म्हणायचे.

तिच्या वडिलांचे टायर दुरुस्तीचे दुकान होते. फाटलेल्या टायरांतून निघालेल्या पोलादी तारांचा ढीग दुकानामागे वर्षानुवर्षे गंजत पडलेला. लहानपणी त्याच ढिगात तिचा पाय कापला होता. त्या तारा काँक्रीटमध्ये घातल्या, तर काँक्रीट मजबूत होईल का, हा तिचा प्रश्न होता. वडील टायर चिरून तारा काढायचे, आईने त्यासाठी जुन्या जाड पँटींचे हातमोजे शिवून दिले होते आणि दर महिन्याला वडील स्वतः तारांचे पोते खांद्यावर घालून प्रयोगशाळेत हजर व्हायचे. पोते टेकवले की माझ्याकडे वर मान करून बघत आणि विचारत, "हीच का ती, मोडणारी?"

तिचे मार्गदर्शक होते दशांश सर. खरे नाव वेगळे, पण कोणताही आकडा सांगितला की "किती दशांश स्थळांपर्यंत?" असे विचारल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. कडक होते, पण मुलांच्या कामात जीव ओतायचे.

पहिले सहा बीम तारांशिवाय, साधे. त्यांची चाचणी काकांनी घेतली आणि टायरताईने आकडे लिहून घेतले. सगळे बीम अकराशे किलोंच्या आसपास मोडले. त्यानंतर काकांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ते चार महिने रजेवर गेले. तारांचे अठरा बीम टायरताईने एकटीने मोडले.

आणि तिथेच घोटाळा झाला. काका व्हॉल्व्ह फिरवतात, चष्मा पुसतात, हे तिने पाहिले होते. पण तो त्यांचा माझ्यावरचा जीव आहे, असे तिने धरले. बीम ठेवायचा, वरचा दांडा त्याला टेकवायचा, टेबल खाली बसलेले असतानाच काटा शून्यावर आणायचा आणि मोटर चालू करायची, असा तिने आपला क्रम बसवला. काट्याची पहिली उडी माझ्या टेबलाची असायची, पण दांडा आधीच टेकलेला असल्यामुळे तिला ती बीमचीच वाटायची. मी ओरडून सांगणार तरी कशी? मला तोंड नाही, तबकडी आहे. ती तर साडेचौदाशे दाखवत होती.

वाढ किती, ठाऊक आहे? सरासरी अठ्ठावीस टक्के! तीन बीम मात्र साडेअकराशेच्या आतच मोडले होते. तारा सगळीकडे सारख्या पसरत नाहीत, म्हणून असे झाले असावे, असे तिने प्रबंधात छान समजावून लिहिले. दशांश सर हरखून गेले. एका मोठ्या परिषदेला त्यांनी तिच्या कामाचा गोषवारा पाठवला, तो स्वीकारलाही गेला. वडिलांनी तर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हवा भरता भरता सांगायचा सपाटाच लावला, "आमच्या पोरीने या भंगाराने काँक्रीट अठ्ठावीस टक्के मजबूत केलंय. अठ्ठावीस!"

माझेही कौतुक झाले. विभागप्रमुख येऊन मला पाहून गेले. खरे सांगते मित्रांनो, त्या दिवसांत मला स्वतःचीच लाज वाटत होती.

प्रबंध जमा करायला बेचाळीस दिवस उरले होते. दुपारची वेळ होती. टायरताई माझा फोटो काढायला आली. खालचा दट्ट्याही नीट दिसावा, म्हणून तिने मोटर चालू करून टेबल वर उचलले, फोन डोळ्यांसमोर धरला आणि तशीच थांबली. टेबल रिकामे होते. दांडा हातभर वर होता. आणि तबकडीवर काटा तीनशे दहावर उभा होता.

तिने टेबल खाली घेतले. काटा शून्य. वर उचलले. तीनशे दहा. असे चार वेळा केले. मग ती स्टुलावर बसली आणि ओढणीच्या टोकाला गाठी मारत माझ्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने उठली, मोटर बंद केली आणि काटा शून्यावर असलेला एक स्वच्छ फोटो काढून निघून गेली.

पुढचे दोन दिवस ती फिरकली नाही. त्या फोटोने सगळे झाकले जात होते. काका रजेवर, वहीत फक्त आकडे, पाहणारे दुसरे कोणी नाही. प्रबंध टाइप होऊन तयार होता. मुकाट्याने जमा केला असता, तर पदवी हातात होती. खरे सांगितले असते, तर ते अठ्ठावीस टक्के बीमखाली चिरडून जाणार होते, आणि बीम नव्याने भरून पाण्यात पुरे अठ्ठावीस दिवस ठेवल्याशिवाय त्यांची चाचणी करता येत नाही. म्हणजे सगळे वर्षच हातचे जाण्याची भीती होती.

तिसऱ्या दिवशी ती आली ती दशांश सरांना घेऊनच. तिने रिकामे टेबल वर उचलून दाखवले. सरांनी वाकून काटा पाहिला.

"सर, मी शून्य आधी करत होते. टेबल न उचलता."

"अठराही बीमना?"

"हो."

सरांनी कपाळ चोळले. मग त्यांना एकदम सुचले. "मग त्यात काय एवढं? सगळ्यांतून तीनशे दहा वजा कर. संपलं!"

"करून बघितलं, सर. मग तीन बीम साध्या बीमपेक्षाही कच्चे निघतात, आठशे पस्तीसचे. त्या दिवशी मी घाईत होते. आधीचा बीम काढल्यावर टेबल पूर्ण खाली घेतलंच नसणार, ते तेलावर असतानाच शून्य झालं, म्हणून ते तीन बरोबर आले. पण बाकीच्यांपैकी कुठला कसा घेतला, ते मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत."

"मशीन जुनी आहे," सर हळूच म्हणाले. "आकडे भरवशाचे नाहीत, असं लिहिता येईल. सगळे समजून घेतील."

असे कागदावर आले असते, तर भिंत पाडायला माणसे बोलावलीच असती!

"मशीन बरोबर आहे, सर," टायरताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. "तिने टेबलाचं वजनसुद्धा किलोकिलो बरोबर सांगितलं. मीच नीट विचारलं नाही."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझी बाजू अशी कोणी घेतली नव्हती.

सर खुर्चीत टेकले. "किती दशांश स्थळांपर्यंत लिहिलं होतं गं आपण?"

"दोन. अठ्ठावीस पूर्णांक चौदा शतांश."

"चौदा शतांश!" सरांना हसू फुटले आणि ते थांबेचना. "दोन दशांश स्थळं धरून बसलो आणि खाली अख्खं टेबल मोजलं! तूच नाहीस, मीही एकदा खाली येऊन बघायला हवं होतं." मग डोळे पुसत ते उठले. "परिषदेला मी कळवतो, गोषवारा मागे घेतलाय म्हणून. एकोणचाळीस दिवस आहेत. तू साचे धुवायला घे."

साचे सहाच होते. अठरा बीम भरायला तीन दिवस लागले. तारा कमी पडल्या, म्हणून वडील पुन्हा पोते घेऊन आले, तेव्हा टायरताई सिमेंटने माखलेल्या हातांनी त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, ते अठ्ठावीस टक्के खरे नाहीत."

"म्हणजे? ही बिघडली?"

"ही नाही. मी चुकले."

वडिलांनी पोते खाली ठेवले. त्यांचा चेहरा पार उतरला. सगळ्या वस्तीला सांगून बसलेला माणूस तो. त्यांनी पुन्हा पुन्हा पोत्याची गाठ सोडली आणि बांधली. शेवटी म्हणाले, "पोत्यात सोळा किलो आहे. पुरेल का, का अजून चिरू?"

पाण्यात बीम पडून असण्याच्या त्या अठ्ठावीस दिवसांत ती रोज यायची, टाकीत डोकवायची आणि माझ्याजवळ बसून प्रबंधाची पाने नव्याने लिहायची. एक जास्तीचे पानही लिहिले. त्यात चूक काय झाली, का झाली आणि कशी लक्षात आली, ते आकड्यांसकट होते.

चाचणीच्या दिवशी काका काठी टेकत टेकत परत आले. सगळे ऐकून त्यांना फार वाईट वाटले. "मी सांगायला हवं होतं गं पोरी. मला वाटलं, दिसतंय की."

"आणि मला वाटलं, तुम्ही लाड करताय हिचे."

"लाडही करतो," काका म्हणाले. "पण ते चाचणी झाल्यावर."

वडील पाण्यातून बीम काढून आणत होते. पहिला बीम ठेवण्याआधी टायरताईने टेबल बोटभर उचलले. काका चष्मा पुसेपर्यंत थांबली. मग काटा शून्यावर आणला, बीम ठेवला आणि तेल सोडले. काटा हजारावर गेला, अकराशेवर गेला आणि अकराशे पंचेचाळीसला 'चट्' असा आवाज झाला. बीमच्या पोटाला तडा गेला. साध्या बीमपेक्षा जेमतेम चार टक्के जास्त.

आधी याच क्षणी ती व्हॉल्व्ह बंद करायची, कारण सगळ्यात मोठा आकडा मिळाला की तिचे काम झालेले असायचे. या वेळी मात्र काट्यावरून तिची नजर हटत नव्हती. आता त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, असे तिने ठरवले होते. तिने तेल चालूच ठेवले. काटा खाली आला, पण शून्यावर गेला नाही. आठशेच्या जरा खाली येऊन थांबला आणि तिथेच राहिला. तडा बोटभर रुंद झाला, तरी बीम उभाच.

वडील गुडघ्यांवर बसून तड्यात बघू लागले. "मोडला?"

"तडा गेला, बाबा."

"मग पडत का नाही?"

"तुमच्या तारांनी धरून ठेवलाय."

अठराही बीम तसेच वागले. चार टक्के, आणि तडा गेल्यावरही न सोडणारी पकड. दशांश सर म्हणाले, तारांमुळे अशी पकड येते हे जगाला माहीत आहे, पण टायरच्या गंजक्या तारा एवढे करतील, याचा अंदाज नव्हता. परिषदेत गाजावाजा होण्याइतके ते मोठे नव्हते. एक दिवस बाकी असताना प्रबंध जमा झाला.

तोंडी परीक्षा महिन्याभराने झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई फार बारीक नजरेच्या होत्या. मशीन बघायची म्हणून सगळ्यांना घेऊन त्या माझ्यापुढे आल्या आणि जास्तीच्या पानावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हे कशासाठी? नव्या चाचण्या बरोबर आहेत. हे पान काढून टाकलं असतंस, तर कोणाला काय कळलं असतं?"

काका दारात थबकले.

"पुढच्या वर्षी कोणीतरी हीच मशीन वापरेल, मॅडम," टायरताई म्हणाली. "त्याचे बीम वाया जाऊ नयेत."

बाईंनी दोन आलेख पुन्हा काढायला सांगितले, एका सूत्रातली चूक दाखवली आणि तिला पास केले. त्या पानाची एक प्रत त्यांनी आपल्या विद्यापीठासाठी मागून घेतली.

वडील बाहेर बाकावर बसून होते. पास झाल्याचे ऐकून ते आत आले आणि परवानगी मागून तडा गेलेला एक बीम खांद्यावर घेऊन गेले. काका सांगतात, तो बीम आता दुकानाच्या दारात दोन विटांवर ठेवलाय. अठ्ठावीस टक्क्यांबद्दल कोणी विचारले, की वडील म्हणतात, "ते चुकलं होतं. चार आहेत. पण उभे राहा त्याच्यावर, बघू मोडतो का!" आणि स्वतःच आधी चढून उभे राहतात म्हणे.

त्यानंतर नवी मशीन आली. तिचे शून्य बटण दाबताच होते, तिच्यापुढे कोणी चष्मा पुसत नाही. माझे तेल तीन वर्षांत बदललेले नाही, तबकडीची काच धुरकटली आहे आणि काकाही निवृत्त झाले आहेत. तरी टायरताईचे ते पान माझ्या खांबावर चिकटवलेले आहे. येणारीजाणारी मुले ते वाचतात, कधी हसतात, आणि एखाददुसरे माझी मोटर चालू करून पाहते. तेव्हा मला फार बरे वाटते.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. माझ्या खांबाला छत्र्या अडकवू नका, वर्षातून एकदा तेल बदला आणि काटा तपासून घ्या. आणि मला काही विचारायचे असेल, तर आधी माझे ओझे बाजूला काढा. मग मी जो आकडा दाखवीन, तो कदाचित चारच असेल. पण तो सगळाच्या सगळा तुमचा असेल.